मदत हवी आहे: खुबा बदलून तीन महिने होत आले, कलत चालणं जात नाही

नमस्कार मंडळी,

उजव्या बाजूचं टोटल हिप रिप्लेसमेंट होऊन माझा तिसरा महिना संपत आलाय. वय एकसष्ट. खुब्याची कूर्चा पार झिजली होती, बरीच वर्षं लंगडत काढली आणि मग ऑपरेशनला तयार झाले. सांधा बिनसिमेंटचा आहे, चीर मागच्या बाजूने घेतलेली.

जांघेतलं जुनं दुखणं, रात्री कूस बदलताना जीव काढणारं, ते ऑपरेशननंतर गायब झालंय. त्याबद्दल काही म्हणणं नाही. प्रश्न बाकीच्याचा आहे. सुरुवातीला दर आठवड्याला काहीतरी नवीन जमायचं. वॉकर सुटला, काठी आली, जिना चढता येऊ लागला. सहा आठवड्यांनंतर मात्र सगळं जिथल्या तिथे. काठी घेतली की बरी चालते. काठी ठेवली की प्रत्येक पावलाला उजवीकडे कलते. घरातले म्हणतात, ‘आधी चालायचीस तशीच चालतेस की.’ मग हे सगळं केलं कशाला, असं वाटायला लागतं.

शिवाय उजवा पाय लांब झाल्यासारखा वाटतो. डॉक्टरांनी एक्स-रेवर मोजून दाखवलं, दोन्ही सारखे आहेत. एका नातेवाइकांचा आग्रह आहे की डाव्या बुटात टाचेखाली जाड पॅड घाल. घालू का? खुर्चीतून उठल्यावर पहिली चार-दोन पावलं मांडीत कळ येते, मग जाते. आणि एक दिवस उत्तम, तर दुसऱ्या दिवशी पायात शिसं भरल्यासारखं, असं चक्र चालू आहे.

तपासणीत सांगितलं, ‘एक्स-रे छान आहे, चालत राहा, आता वर्षाने या.’ व्यायामाचा कागद पहिल्या सहा आठवड्यांचाच होता. त्यापुढे काय करायचं असतं? ज्यांचं झालंय त्यांनी सांगा, तिसऱ्या महिन्यात तुम्ही कुठे होता?

पायवाट:
ताई, माझे दोन्ही खुबे बदललेत, मध्ये काही वर्षांचं अंतर ठेवून. तिसऱ्या महिन्यात दोन्ही वेळा हातात काठी होती. सुरुवातीला जखम भरते, सूज उतरते, म्हणून फरक डोळ्यांना दिसतो. नंतर उरतं ते स्नायूंचं काम, आणि ते मुंगीच्या पावलांनी चालतं. नवा सांधा बसवलाय हे विसरून अख्खा दिवस गेला, असं माझ्या बाबतीत पहिलं वर्ष सरत आलं तेव्हा झालं.

एक विचारतो. काठी कोणत्या हातात धरता?

धागाकर्ती:
डाव्या. हॉस्पिटलातच शिकवलं होतं. जिन्याचंही शिकवलं, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

अर्धविराम:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा आणि तुमच्या सर्जनना विचारूनच करा.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आमच्यात ट्रेंडेलेनबर्ग चाल म्हणतात. खुब्याच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू असतो. चालताना डावा पाय उचलला की शरीराचा सगळा भार उजव्या खुब्यावर येतो, आणि त्या क्षणी कंबर डावीकडे खाली पडू नये म्हणून हा स्नायू तिला धरून ठेवतो. त्याला हे जमलं नाही की शरीर स्वतःच धड उजवीकडे झुकवतं, म्हणजे स्नायूचं काम हलकं होतं. हेच तुमचं कलणं. एका पायावर तोलताना खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच ते तीन पट दाब येतो, कारण हा स्नायूही ओढत असतो. डाव्या हातातली काठी त्याचं ओझं वाटून घेते. काठी उजव्या हातात असती तर तो फायदा फारच कमी झाला असता.

मागून चीर घेतात तेव्हा सहसा हा स्नायू कापत नाहीत. त्याच्या खालचे, पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू कापून पुन्हा शिवतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत तो ऑपरेशनने दुखावला असण्यापेक्षा आधीच्या लंगडण्याच्या वर्षांत सुकला असण्याची शक्यता जास्त. घरच्यांना हे जरूर सांगा: चाल ‘तशीच’ दिसते, कारण दुखणं गेलं तरी स्नायू जुनाच आहे. बाजूने चीर घेतलेल्यांमध्ये याच स्नायूचा काही भाग सोडवून परत जोडलेला असतो, त्यांना वेळ आणखी लागतो आणि त्यांनी हा व्यायाम कधी सुरू करायचा ते सर्जनच ठरवतात.

आरशासमोर उभ्या राहा, बोटं टेबलाला टेकवा आणि डावा पाय जमिनीपासून जरासा उचला. कंबरेची रेषा सरळ ठेवून, धड न झुकवता दहा सेकंद उभं राहता येतं का बघा. येत नसेल तर काठी सोडायची वेळ आलेली नाही, मग कितवाही महिना असो.

पुढचा व्यायाम याच स्नायूचा. डाव्या कुशीवर झोपायचं, दोन्ही पायांमध्ये जाड उशी, आणि उजवा पाय गुडघ्यात सरळ ठेवून वर उचलायचा. पाऊल समोर बघतं राहिलं पाहिजे, टाच किंचित मागे. बहुतेक जण नकळत पाठीकडे कलंडतात, मग काम मांडीच्या पुढचा स्नायू करतो आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तो आरामात. पाठ भिंतीला लावून झोपलात तर ही फसवणूक होत नाही. आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या, दिवसाआड. जोडीला पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं, आणि बुटक्या पायरीवर बाजूने चढणं-उतरणं. शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत, नाहीतर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही.

टाचेखाली पॅड घालू नका. झिजलेल्या सांध्यामुळे पाय आखूड झालेला असतो, आजूबाजूचे स्नायू आणि आवरण आखडलेलं असतं, कंबर तिरकी बसलेली असते. सांधा मूळ उंचीवर आला की मेंदूला तो पाय लांब वाटतो. कंबर सरळ होत गेली की बहुतेकांची ही भावना काही महिन्यांत विरते. आत्ताच पॅड घातलं तर तिरकेपणा कायम राहायला मदत होते. सहा महिन्यांनंतरही वाटलंच तर सर्जनकडून पुन्हा मोजून घ्या.

कुंपण:
माझ्या वडिलांनी सहाव्या आठवड्यात काठी टाकली ती टाकलीच. इतका विचार करू नका. फार जपलं की शरीर लाडावतं. रोज भरपूर चाला, सगळं ठीक होईल.

अर्धविराम:
वडिलांचं छान झालं, आनंद आहे. पण त्यांचा हा स्नायू ऑपरेशनच्या आधी कसा होता ते आपल्याला माहीत नाही. कलत कलत पाच किलोमीटर चाललं तर सवय लागते ती कलण्याची, शिवाय पाठ आणि दुसरा गुडघा बोलायला लागतात तो ताप वेगळा. चालण्याने दम वाढतो, रक्ताभिसरण सुधारतं, चालायलाच हवं. पण काठी घेऊन सरळ.

मांडीतल्या कळेबद्दल राहिलं. बिनसिमेंटच्या सांध्याचा दांडा मांडीच्या हाडात घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्या खडबडीत पृष्ठभागात हाड वाढत जाऊन तो पक्का होतो. त्या काळात उठल्यावरची पहिली पावलं अशी दुखणं बऱ्याच जणांना जाणवतं आणि हळूहळू कमी होतं. कमी होण्याऐवजी महिन्यागणिक वाढत असेल, किंवा आडवं पडल्यावरही ठणकत असेल, तर वर्षभर थांबू नका, दाखवा.

ओसरी:
यजमानांचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळं मीच बघितलं, म्हणून चांगला दिवस-वाईट दिवस यावर सांगते. चांगल्या दिवशी माणूस हुरळून राहिलेली कामं उरकतो आणि दुसऱ्या दिवशी भरपाई करतो. आमच्या फिजिओने एक नियम दिला होता: आज केलेल्याचा हिशोब उद्या सकाळी बघायचा. सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं किंवा सूज जास्त दिसली तर आजचं चालणं निम्मं, पण शून्य नाही. एकदम लांब फेरी मारण्यापेक्षा तेवढंच अंतर तुकड्यांत. संध्याकाळी पाय सुजतो तो काही महिने सुजतो, आडवं पडून उशीवर ठेवला की उतरतो.

थकवा फारच असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. ऑपरेशनमध्ये रक्त जातं आणि नंतर ते तपासायचं राहून जातं.

आणि हे दुखणं ‘चालायचंच’ म्हणून अंगावर काढू नये असं काही असतं, ते घरात सगळ्यांना माहीत हवं. पोटरी एकाएकी दुखून सुजणं, गरम लागणं. धाप लागणं, छातीत दुखणं. ताप, जखमेतून पाणी किंवा पू. अचानक भयंकर कळ येऊन पाय आखूड आणि आत वळलेला दिसणं, म्हणजे सांधा निखळलेला असू शकतो. यातलं काहीही झालं तर धागा काढत बसू नका, सरळ हॉस्पिटल.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. यातलं काही होत नाहीये, मांडीतली कळही वाढलेली नाही. आरशाची परीक्षा दिली. सपशेल नापास! डावा पाय उचलला की कंबर लगेच खाली. पण इतके दिवस नुसतं ‘होत नाही’ होतं, आता नेमकं काय होत नाही ते दिसलं.

एक राहिलं. वाकण्याची बंधनं कधी सुटतात? मोजे अजून लांब चिमट्यानेच घालते. आणि जमिनीवर बसणं, उजव्या कुशीवर झोपणं?

पायवाट:
बंधनं तुमचे सर्जनच सोडवणार, कारण आत शिवलेलं किती घट्ट आहे ते त्यांनी बघितलंय. साधारण सहा ते बारा आठवडे पाळायला सांगतात. मागून चीर असेल तर खरा धोका तीन गोष्टी एकत्र झाल्या की असतो: खुबा काटकोनापलीकडे वाकणं, पाय मधली रेषा ओलांडून पलीकडे जाणं आणि आत वळणं. खुर्चीत बसून बाहेरच्या बाजूने हात घालून बूट चढवायला गेलं की नेमकं तेच होतं. परवानगी मिळाल्यावर गुडघा बाहेर पाडून, दोन्ही पायांच्या मधून हात घालायला शिका. बुटका मऊ सोफा सगळ्यात वाईट, त्यात बसलात की गुडघे खुब्याच्या वर जातात. त्यापेक्षा हातवाली टणक खुर्ची.

जमिनीवर बसण्याची घाई मी केली नाही. पण खाली जाणं आणि आधार घेऊन उठणं फिजिओसमोर शिकून घ्या, कधी पडलात तर उठता आलं पाहिजे. ऑपरेशनच्या कुशीवर झोपायला व्रणाची हुळहुळ कमी झाली की जमतं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवून. व्रणाभोवती बधिर पट्टा राहिला तर घाबरू नका, माझा अजून आहे.

धागाकर्ती:
थोडी खबरबात देते. सर्जनना फोन केला, वाकण्याची बंधनं उठली, फिजिओकडे जाणंही सुरू झालं. तिने तेच सांगितलं जे इथे अर्धविराम यांनी सांगितलं, फक्त भिंतीला पाठ लावून पाय उचलायला लावला तेव्हा कळलं की मला चारसुद्धा नीट जमत नाहीत. आता दहा होतात. घरात एका पायावर कंबर सरळ राहते, थोडा वेळ का होईना. बाहेर काठी आहेच, आणि तिचं काही वाटेनासं झालंय. पाय लांब वाटणं थोडं कमी आहे. पॅडवाल्या नातेवाइकांना या धाग्याची लिंक पाठवली, ते रागावलेत.

घरी व्यायामाची सायकल धूळ खात पडली आहे. ती चालेल का?

अर्धविराम:
चालेल, पण सीट उंच हवी. पायडल सगळ्यात वर असताना गुडघा खुब्याच्या खालीच राहिला पाहिजे. चढताना आधार धरा, पुढे वाकून हँडल पकडू नका, सुरुवातीला रोध शून्य आणि वेळ पाच-दहा मिनिटं. आणि सायकलीने बाजूचा स्नायू वाढत नाही, तेव्हा कुशीवरचा व्यायाम चालूच ठेवा.