डोक्याला मार लागला म्हणून पोराला अंधारात कोंडायचं?

गल्ली_कीपर: काल इथेच एक पोस्ट वाचली. 'कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा) झालेल्या मुलाला महिनाभर अंधाऱ्या खोलीत ठेवा, शाळा-खेळ-मोबाईल सगळं बंद, मेंदू आपोआप बरा होतो.' खाली नमस्कारांची रांग! राहवेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, हा सल्ला कधीच मोडीत निघालाय. खेळातल्या कन्कशनवर २०२२ला ॲमस्टरडॅमला जागतिक परिषद झाली, तिचं निवेदन २०२३मध्ये आलं: पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती, मग हळूहळू हालचाल. अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात जॉन लेडींच्या गटाने १३ ते १८ वयाच्या १०३ खेळाडू मुलांवर प्रयोग केला (२०१९). एरोबिक (चालणं, सायकल असा दम वाढवणारा) व्यायामवाली साधारण १३ दिवसांत सावरली, नुसतं स्ट्रेचिंगवाली १७.

माझ्या भाच्याला नेट्समध्ये लेदर बॉल लागला. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बेडरेस्ट. भर दुपारी पडदे ओढलेले, पोरगं भिंतीकडे तोंड करून. पुढे तर जिना चढतानाही चक्कर यायला लागली. शेवटी एका फिजिओने ट्रेडमिलवर चालवलं, दर मिनिटाला चढ वाढवत. डोकं ठणकायला लागलं तिथला हार्टरेट टिपला आणि त्याच्या ८० टक्क्यांच्या आत रोज वीस मिनिटं सायकल मारायला लावली. महिन्याभरात पोरगं माणसात आलं.

कोल्हापुरी_आई: चार दिवसांच्या फरकासाठी एवढा थयथयाट? आणि ती मुलं मार लागल्यापासून दहा दिवसांच्या आतली होती. तुमचा रखडलेला भाचा त्यात कुठे बसतो? माझ्या चुलतभावाला कबड्डीत लागलं, 'काही नाही झालं' म्हणून लगेच पुन्हा उतरला, दुसऱ्यांदा आपटला. वर्षभर पुस्तकातली ओळ धड वाचता येत नव्हती. व्यायामाचे गोडवे तुम्हीच गा.

गल्ली_कीपर: पुन्हा मैदानात उतरणं आणि भिंतीजवळ उभी केलेली सायकल मारणं एकच का हो? दुसरा मार लागू द्यायचा नाही, हे मान्यच आहे. त्याच गटाचा २०२१चा अभ्यास बघा, ११८ मुलं. चार आठवड्यांपुढे त्रास रेंगाळण्याचा धोका ४८ टक्क्यांनी कमी. आणि रखडलेल्यांचंच हवं असेल तर मॉन्ट्रियलच्या इझाबेल गान्यों यांच्या गटाने २००९लाच लिहून ठेवलंय, की अशा मुलांनाही हळूहळू व्यायामाचा उपयोग होतो.

पुण्याचा_स्कोअरर: कन्कशन म्हटलं की मला गहुंजेचं स्टेडियमच आठवतं. ३१ जानेवारी २०२५, भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी. ऑलराउंडर शिवम दुबेच्या हेल्मेटला चेंडू लागला आणि त्याच्या जागी कोण, तर फास्ट बॉलर हर्षित राणा! आला आणि तीन विकेट काढून गेला. म्हणे लाइक फॉर लाइक, म्हणजे त्याच जातीचा बदली खेळाडू.

ठाणे_लोकल: झालं सुरू! मॅच रेफ्रींनी परवानगी दिली होती. २०१९ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथला चेंडू लागला आणि त्याच्या जागी लाबुशेन आला, तेव्हा तुम्ही टाळ्याच वाजवल्या असतील.

पुण्याचा_स्कोअरर: लाबुशेन बॅट्समनच होता, साहेब. दुबे आणि राणाची बॉलिंग सारखी वाटत असेल तर आधी डोळे तपासा.

ठाणे_लोकल: आणि तुम्ही डोकं.

फिजिओताई: दोघांनीही दोन दिवस बेताची विश्रांती घ्या.

आता मुद्द्याचं. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, फिट यातलं काहीही दिसलं तर व्यायाम राहू द्या, थेट हॉस्पिटल गाठा. व्यायाम करताना त्रास दहाच्या मापात दोन अंकांहून जास्त वाढला तर थांबायचं. किंचित वाढून तासाभरात ओसरला तर घाबरायचं नाही. मान आखडली असेल किंवा तोल जात असेल तर नुसत्या सायकलीने भागत नाही, त्याचे व्यायाम वेगळे. यूट्यूब बघून आईबापांनी घरी ट्रेडमिल टेस्ट करू नये, हात जोडते.

कोल्हापुरी_आई: बघा, ताईंनी तीन ओळींत सांगितलं ते यांना भाच्याची अख्खी पोथी लावून जमलं नाही. व्यायाम चालू द्यायला हरकत नाही म्हणू या, कुणी जाणकार समोर असेल तर! पण तो जाणकार तालुक्याला कुठून आणायचा? आमच्याकडचे कोच अजून 'बर्फ लाव आणि उभा राहा' यापुढे गेलेले नाहीत.

गल्ली_कीपर: तुम्ही 'हरकत नाही' म्हणालात, याचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

कोल्हापुरी_आई: फ्रेम करून लावा. ताई, कोल्हापूर-सांगलीकडे अशी टेस्ट करणारं कुणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेजारच्या मुलीसाठी विचारतेय.