मदत हवी आहे: भातलावणीत रुतलेल्या नखाखालचा कापूस टिकवायचा कसा?

मंडळी, लावणीत दिवसभर पाय चिखलात, नाहीतर ओल्या गमबुटात. कातडी फुगून मऊ पडते आणि अंगठ्याच्या नखाची कड मांसात रुतते.

नेहमीचा उपाय ठाऊक आहे: कोमट पाण्यात 15-20 मिनिटं पाय, दिवसातून तीन-चारदा, मग बाजूचं मांस हलकेच मागे सारून नखाच्या कोपऱ्याखाली तांदळाच्या दाण्याएवढी कापसाची वात, रोज नवी. नख सरळच कापायचं. कोपरा ब्लेडने कोरला की दोन दिवस बरं वाटतं, पण आत राहिलेली नखाची टोकदार कूस नख वाढताना थेट मांसात शिरते. (तरी कोरणारे कोरतातच!)

अडचण अशी, की शेतात ही वात निसटते, नाहीतर चिखल शोषून तिथेच कुजते. उघड्या जखमेला लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) भीती, पण लावणी काही थांबत नाही.

कापसाऐवजी मेणाचा डेंटल फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) कुणी वापरलाय का? सलाईनची नळी उभी चिरून दवाखान्यात नखाच्या कडेला बसवतात, ती चिखलात टिकते का? आणि ओल्यात न सुटणारी चिकटपट्टी कोणती?

पू झालेले आणि मधुमेहवाले थेट डॉक्टरकडे पाठवतो, त्यांच्यासाठी विचारत नाहीये.