अनुभव धागा: समोरच्या ऑफिसातली माणसं कमी झाली, तेव्हा तुमच्या धंद्याचं काय झालं?

मोडाचीमटकी
काल माळा आवरताना बाबांची उधारीची वही सापडली. आमचं चहा-नाश्त्याचं हॉटेल तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजसमोर होतं. वहीत नावं नाहीतच. 'उंच लाइनमन', 'केबल जॉइंटर', 'बिल काउंटर मॅडम', 'साहेब बिनसाखर'. त्यांचा पगार झाला की वही कोरी व्हायची, मग बाबा किराणावाल्याचे द्यायचे, मग माझी फी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये बीएसएनएलची व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) आली, पन्नाशी पूर्ण झालेल्यांसाठी. देशभरात ७८,५६९ जणांनी घेतली, म्हणजे निम्म्याच्या वर माणसं. ३१ जानेवारी २०२०, शुक्रवार. निरोप समारंभाला बाबांनी दीडशे वडे तळले. सोमवारी पहाटे सवयीने नेहमीएवढीच उसळ टाकली आणि दुपारी अर्धं पातेलं तसंच. बाबा बराच वेळ डाव हातात धरून एक्स्चेंजच्या गेटकडे बघत उभे होते.

मार्चात लॉकडाऊन लागलं, म्हणून सगळे म्हणतात कोरोनाने हॉटेल बसलं. वही तसं सांगत नाही. जानेवारीची बेरीज एकवीस हजार, फेब्रुवारीची सहा.

तुमच्याकडे असं काही झालंय? लिहा.

घाटमाथा
वाचून गलबलून आलं. आमच्या लँडलाइनचा नंबर अजून पाठ आहे.

कोरांटी
आमचाही!! पाच आकडी होता. आजोबा फोनवर क्रोशाचा रुमाल घालायचे.

विटामाती
माझं छोटं बांधकामाचं काम. आमच्या भागात जमीन मोजणारे भूकरमापक पुरेसे नाहीत, जो एक आहे त्याच्याकडे शेजारच्या तालुक्याचंही काम. तलाठी आप्पांकडे तीन सज्यांचा कार्यभार, आमच्या गावाला आठवड्यातून एक दिवस. अतितातडीच्या मोजणीचे पैसे भरूनही 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) हातात यायला सात महिने गेले. तोवर बँकेचं व्याज चालू, सेंट्रिंगची टोळी दुसरीकडे गेली, सिमेंटच्या तीस गोण्या पावसात दगड झाल्या. लोकांना वाटतं सरकारी माणूस कमी झाला की धंदेवाला मोकळा. अहो, तो कागद देणारं दुसरं कोणी नाही बाजारात! त्या एकट्या भूकरमापकावर मी चिडू तरी कसा, रात्री नऊला ऑफिसात दिवा असतो त्याचा.

फायबरवाला
दुसरी बाजू लिहितो, राग नसावा. मी केबलवाला. माणसं गेल्यावर फायबर जोडायचं काम भागीदारीत आम्हाला मिळालं, चार पोरं कामाला लागली. पण जमिनीखालची जुनी केबल कुठून कुठे जाते हे त्या जॉइंटर लोकांनाच माहीत. नकाशे होते, पण खरी खूण त्यांच्या डोक्यात, 'पिंपळापासून अकरा पावलं'. एका रिटायर्ड काकांना मी अजून घरी जाऊन विचारतो. काकू जेवल्याशिवाय सोडत नाहीत.

मोडाचीमटकी
@फायबरवाला राग कसला दादा. चार घरं चालतात ना.

अभ्यासिका_पेठ
पुण्यात पेठेत अभ्यासिका आणि मेस आहे. सरकारी भरती निघाली नाही की आधी गर्दी वाढते, कारण जुनी मुलं परत जात नाहीत. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी घरून पैसे यायचे थांबतात. एका डब्यात दोघं जेवतात. आम्ही बघून न बघितल्यासारखं करतो, दोन पोळ्या जास्त टाकतो. २०२३ मध्ये बाहेरच्या एजन्सीकडून कंत्राटी भरतीचा जीआर आला तेव्हा पोरं सुन्न होती. ऑक्टोबरात रद्द झाला तेव्हा रात्री मेसमध्ये जिलेबी वाटली. पण तोवर बारा जण गाशा गुंडाळून गावी गेले होते.

कोरांटी
ताई/दादा, दोन पोळ्यांसाठी नमस्कार तुम्हाला 🙏

पोटोमॅककाठी
अमेरिकेत व्हर्जिनियात घरगुती पाळणाघर चालवते. २०२५ च्या फेब्रुवारीत फेडरल सरकारच्या राजीनाम्याच्या योजनेला पंचाहत्तर हजारांच्या आसपास लोकांनी होकार दिला. त्यांना सप्टेंबरपर्यंत पगार होता, तरी माझ्याकडची तीन मुलं मार्चातच बंद झाली. आई-बाबा घरीच, मग पाळणाघर कशाला. एक आई न्यायला आली तेव्हा मुलाची चप्पल इथेच राहिली. अजून कपाटात आहे. नंतर लिहिते, मुलं उठली.

घाटमाथा
माझ्या मामांनी घेतली होती व्हीआरएस. नोकरीच्या झालेल्या दर वर्षाला ३५ दिवसांचा पगार आणि उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा, असा हिशेब. त्यांनी गावात झेरॉक्स टाकलं. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालूनच दुकान उघडतात.

विटामाती
मटकीताई, बाबा कसे आहेत आता? आणि वहीत काही येणं राहिलं का?

मोडाचीमटकी
बाबा बरे आहेत, गुडघे दुखतात. येणं एक रुपया नाही. ३१ जानेवारीला सगळ्यांनी येऊन चुकतं केलं, पानापानावर बाबांची आडवी रेघ आहे. फक्त 'उंच लाइनमन'च्या पानावर उलटं लिहिलंय, 'पन्नास जमा'. सुट्टे नव्हते म्हणून तो ठेवून गेला, नंतर पिऊन संपवतो म्हणाला.

फायबरवाला
तालुका कोणता ताई? काकांना विचारतो, ते ओळखत असतील त्याला.