एन प्लस प्लस: सगळं सोनं घेऊनही स्कोअर का अडकतो?

सुस्तकासव:
मंडळी, सेलमध्ये एन प्लस प्लस घेतला, तो निंजाला पळवत, उड्या मारत दारापर्यंत न्यायचा गेम, आणि महिनाभर दुसरं काही उघडलंच नाही. गेममधल्या लेव्हल्स जमतात हळूहळू, पण लोकांनी बनवलेल्या लेव्हल्स उघडल्या की आपली बोंब. एक तर दिसायला साधीच आहे, एक उभी खोल विहीर, तळाला उतार, पुढे माइन्स (शिवलं की मेलो) आणि सोन्याचे २० तुकडे. मी वीसच्या वीस घेतो, मरतही नाही, तरी स्कोअर ९६ आणि पहिला नंबर १०७! सगळं सोनं घेतल्यावर अजून काय घ्यायचं बाबा?

रात्रपाळी:
भावा तिथेच चुकतंय. घड्याळ ९० वर सुरू होतं, दर तुकड्याला २ सेकंद मिळतात आणि दाराला पोचल्यावर जे उरतं तो तुझा स्कोअर. वीस तुकडे म्हणजे १३०, उरले ९६, म्हणजे तू ३४ सेकंद बागेत फिरतोयस. जो तुकडा आणायला २ सेकंदांपेक्षा जास्त लागतात तो तोट्याचा, सरळ सोडून दे. लीडरबोर्डवरून, म्हणजे स्कोअरच्या यादीतून, पहिल्याचा रिप्ले (त्याच्या खेळाचं रेकॉर्डिंग) लाव आणि तो काय सोडतो तेवढंच बघ.

पेठेतला:
हिशोब बरोबर पण ३४ सेकंद नुसत्या सोन्याने होत नाहीत हो. विहिरीत भिंतीला घासत उतरता ना? सगळे नवीन लोक तेच करतात, कारण उंचावरून सपाट जमिनीवर आपटलं की निंजा मेला. पण उतारावर तिरका पडला तर वाचतो, जमिनीवर किती सरळ आदळतोय त्यावर मरण ठरतं. म्हणजे तळाचा उतार शोभेचा नाही, लेव्हल बनवणाऱ्याने तुम्हाला गादी घालून ठेवलीये! वरून सरळ सोडून द्या, पडतानाच उताराच्या दिशेचं बटण दाबून धरा, आणि उतार संपायच्या आत उडी, तो वेग तुम्हाला माइन्सवरून पलीकडे नेतो. थांबून, नेम धरून उडी मारलीत की पोचत नाही, मग लोक म्हणतात लेव्हल फालतू आहे.

सुस्तकासव:
घासतच उतरत होतो 😅

जुनाखेळाडू:
२००४ चा फ्लॅशवाला एन, म्हणजे याचाच पहिला अवतार, आम्ही कॉलेजच्या लॅबमध्ये सर वळले की खेळायचो. टोरोंटोच्या दोघांनी केलेला गेम, बटणं तीनच, डावं उजवं आणि उडी, आणि अजून माझा हात नीट बसलेला नाही. रिप्लेबद्दल मात्र माझं मत वेगळं. आधीच बघितला तर त्याची नक्कल करत बसाल आणि दोनशे वेळा मराल, का मरतोय ते कळणारच नाही. त्यापेक्षा गेममधला लेव्हल बनवायचा एडिटर उघडा, ४२ बाय २३ चौकोनांची जागा असते, त्यात नुसती तशीच विहीर आणि उतार काढा, सोनं नाही, माइन्स नाहीत. अर्धा तास फक्त पडत रहा. बायको विचारेल काय चाललंय, सांगून काही उपयोग नाही.

सुस्तकासव:
विहीर बनवली, पडलो, भरपूर मेलो. मूळ लेव्हलला आत्ता १०१ आला, १५ तुकडे, १९ सेकंद. माइन्सच्या मागचे तीन सोडले, वरच्या कोपऱ्यातले दोन पण. आता विहिरीच्या मधोमध एक तुकडा आहे तो पडता पडता घ्यायला गेलो की उतार चुकतो आणि सपाटीवर आपटतो. सोडू का?

पेठेतला:
तो सोडू नका, तो वाटेतलाच आहे. विहिरीतली उडी दोन चौकोन आधी टाका.