भिवंडीतला उलट्या काचेचा ट्रक, वायरलेसचा असेल का?

घोडबंदरकर:
मंडळी मदत हवीये. काकांच्या ओळखीतल्या एकाच्या भिवंडीच्या गोडाऊनमागे जुना ट्रक सडतोय, नाक बसकं, पुढची काच उलटी, म्हणजे वरून पुढे आलेली आणि खालून आत गेलेली. मागे पत्र्याचा बंद डबा, आत लाकडी फळी, तिला बोल्टची भोकं, बाहेर टपाजवळ चिनी मातीचा इन्सुलेटर. भंगारवाला वजनावर उचलायला टपलाय. माझा फिटर म्हणतो शक्तिमान आहे, सँडब्लास्ट मारू, चाकं खोलून टायर बदलू, महिन्यात फिरवतो. काय करू?

जुनं_इंजिन:
शक्तिमान कुठून आला राव, तो लष्करी ट्रक जबलपूरचा, जर्मन मॅन कंपनीच्या लायसन्सवरचा, दुसऱ्या महायुद्धानंतरचा. उलटी काच म्हणजे कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न, म्हणजे त्या महायुद्धात कॅनडात बनलेले लष्करी ट्रक, त्यातली १३ नंबर कॅब (ड्रायव्हरची केबिन), १९४१ च्या अखेरीपासूनची. काचेवरचं ऊन वर चमकून विमानाला दिसू नये म्हणून ती तशी. फोर्ड आणि शेव्हर्ले दोघंही एकाच डिझाइनवर हे बनवायचे, म्हणून तोंड बघून ठरवू नका, बॉनेट उघडा. सरळ सहा सिलेंडर म्हणजे शेव्हर्ले, व्ही-८ म्हणजे फोर्ड. मध्ये कोणी डिझेल इंजिन टाकलं असेल तर मात्र बोंब, मग पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर मोजा. १०१ इंचाच्या आसपास म्हणजे लहान, ८ किंवा १५ हंड्रेडवेट (एक म्हणजे सुमारे ५० किलो) माल वाहणारा. १५८ म्हणजे ३ टनी.

तळोजा_टायरवाला:
बाकी सोडा, आधी फिटरला चाकाला हात लावू देऊ नका!! रिम दोन तुकड्यांची असते, बोल्टने जोडलेली. नटांचं एक वर्तुळ चाक हबला धरतं, दुसरं ते दोन तुकडे एकत्र धरतं. हवा असताना दुसरे खोलले तर अर्धी रिम तोफगोळ्यासारखी उडते, माणूस जातो. व्हॉल्व्हची पिन काढा, सगळी हवा जाऊ द्या, मग बोला.

निवृत्त_सिग्नलवाला:
सँडब्लास्ट अजिबात नको. इंजिन मिळेल हो कुठूनतरी, पण डबा तसाच राहिलेला गाडा मिळत नाही. फळीवरची भोकं कागदावर छापून घ्या, १९ नंबरच्या सेटच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी वायरलेस यंत्राच्या, चौकटीशी जुळतात का बघता येईल. कॅनडात बनलेल्या बऱ्याच १९ नंबर सेटवर इंग्रजीबरोबर रशियन अक्षरं असायची, कारण रशियालाही जायचे, तेव्हा आत तसली पट्टी दिसली तर घाबरू नका. सेटच मिळाला तर लगेच करंट देऊ नका, आतल्या ८०७ व्हॉल्व्हला (काचेच्या रेडिओ नळीला) सुमारे ५०० व्होल्ट जातात. रंग मात्र वेट पेपरने, पाणी लावून, एकेक थर काढा. चौकोन निघाला वर पांढरा खाली निळा, तर ती सिग्नल्सची, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलाची खूण. आणि भिवंडीत कसा, याचं नवल नको, शेजारचं उल्हासनगर म्हणजे लढाईतला कल्याण कॅम्पच की.

घोडबंदरकर:
रविवारी गेलो होतो. अंतर १०१ आणि थोडं वर. चाकांना हात लावला नाही, फिटर रुसलाय. डाव्या मडगार्डवर ६०० चा पेपर दीड तास घासला, पोपटी, मग राखाडी, मग खाकी, आणि खाकीवर तळहाताएवढा निळा डाग, वरच्या कडेला पांढरं. पुढे घासायची हिंमतच होईना. भंगारवाला हे सगळं उभा राहून बघत होता, संध्याकाळी त्याने मालकाला किलोमागे भाव वाढवून सांगितला.