मिस्टरांची शुगर काठावर, लेक म्हणते घड्याळ घेऊन देते. खरंच फायदा होतो का?

वैशाली_मानेवाडा

नमस्कार मंडळी. माझ्या मिस्टरांचं वय 49. नागपूरच्या इतवारीत कापडाच्या दुकानात सेल्सला आहेत. लग्नसराईत बस्त्याचं गिऱ्हाईक असलं की सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत गादीवरून उठणं नाही. मागच्या महिन्यात तपासणी केली तर एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) 6.2 आलं, वजन 86 किलो. डॉक्टर म्हणाले, अजून डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर आहात. गोळी दिली नाही. रोज चाला, पाच-सहा किलो उतरवा आणि तीन महिन्यांनी परत दाखवा, एवढंच सांगितलं.

आता लेक पुण्याहून रोज फोन करून राहिली की बाबांना फिटनेसचं घड्याळ घेऊन देते, तीन-साडेतीन हजाराचं. पावलं, झोप, नाडी, ऑक्सिजन, सगळं दाखवतं म्हणते. पोरगी स्वतःच्या पगारातून देते आहे, तिचं मन मोडायचं नाही. पण मला भीती वेगळीच आहे. घड्याळ हाताला बांधलं की हे समजतील, झालं, आता मी तब्येतीकडे लक्ष देऊन राहिलो. आणि चालणं तिथेच राहील.

दुसरं म्हणजे शेजारच्या भाऊंकडे असंच एक आहे. गाडीवर मानेवाड्याहून सक्करदऱ्यापर्यंत गेलं तरी त्यात पावलं वाढतात म्हणतात. मग त्या आकड्यावर भरवसा काय ठेवायचा?

ज्यांनी वापरलं आहे किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा. जाहिरातीतलं नको, ते लेकीने सगळं पाठवलं आहे.

मिहानवाला

ताई, शुगरचं मला सांगता येणार नाही, पण आमच्या घरचा अनुभव सांगतो. वडिलांना मागच्या वर्षी घड्याळाने नाडी अनियमित असल्याची सूचना दिली. त्यांना त्रास काहीच नव्हता. धाप नाही, धडधड नाही, रोजची कामं व्यवस्थित. तरी आईने ओढूनच नेलं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडायचा आजार, निघाला. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारायची भीती असते, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. आज ठणठणीत आहेत, आणि त्या घड्याळाचे मी उपकार मानतो.

मात्र ते बरंच महागाचं होतं. आणि ही सूचना येते फार थोड्यांना. अमेरिकेत अ‍ॅपलच्या घड्याळावर चार लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. त्यात अशी सूचना जेमतेम अर्ध्या टक्का लोकांना आली होती. साडेतीन हजारांच्या घड्याळाकडून ही अपेक्षा ठेवू नका.

धरमपेठ_फिजिओ

वैशालीताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येतात ते गुडघे आणि कंबर घेऊन, पण त्यातल्या बऱ्याच जणांना शुगर असतेच, त्यामुळे लोकांना चालतं करणं हेही माझंच काम होऊन बसलं आहे.

घड्याळ घ्या. पण रोजचा आकडा विचारणारं माणूस आधी ठरवा. विचारणारं कोणी नसेल तर ते पैसे चांगल्या बुटांवर घाला. हे मी मनापासून सांगते आहे, कारण तुमची भीती अगदी बरोबर आहे, आणि ती तपासूनही झाली आहे. पिट्सबर्ग विद्यापीठात वजन जास्त असलेल्या 471 तरुणांवर दोन वर्षं प्रयोग चालला, 2016 मध्ये त्याचे निकाल आले. आहार, व्यायाम, सल्ला सगळ्यांना सारखाच. सहा महिन्यांनंतर एका गटाला दंडावर बांधायचं यंत्र दिलं, दुसऱ्या गटाने आपली नोंद आपण ठेवायची. दोन वर्षांनी यंत्रवाल्यांचं वजन सरासरी 3.5 किलो उतरलेलं होतं आणि बिनयंत्रवाल्यांचं 5.9 किलो. असं का झालं ते त्या प्रयोगातून सिद्ध झालं नाही. मला स्वतःला वाटतं ते हेच, जे तुम्ही लिहिलंत: यंत्र लक्ष ठेवतंय म्हटलं की माणूस स्वतः लक्ष ठेवणं सोडतो.

म्हणून घड्याळ निकामी असंही नाही. 2022 मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या नियतकालिकात आधीच्या सगळ्या आढाव्यांचा मिळून एक मोठा आढावा आला. घड्याळ किंवा पट्टा बांधणारे लोक दिवसाला सरासरी 1800 पावलं जास्त चालतात असं त्यात दिसलं. वजन मात्र साधारण एकच किलो कमी होतं. म्हणजे चालणं वाढतं, ते खरंच वाढतं, पण तुमच्या मिस्टरांना जे पाच-सहा किलो उतरवायचे आहेत त्यातला एखादा किलो घड्याळाच्या वाट्याचा. बाकीचे ताटातून आणि दुकानातल्या चहातून जातील. दिवसातून किती चहा होतात, साखर किती, ते आज रात्रीच विचारा.

आता आपल्याकडचं उदाहरण देते, कारण मला तेच सगळ्यात जवळचं वाटतं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर अशीच काठावर असलेल्या 537 नोकरदार पुरुषांना घेतलं. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना एकदा दिला. मग अर्ध्यांच्या मोबाइलवर नियमित एसएमएस पाठवत राहिले: हे खा, ते टाळा, चाललात का. घड्याळ नाही, अ‍ॅप नाही, साधा फोन. दोन वर्षांत एसएमएस न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना डायबेटिस झाला, मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. कोणीतरी आठवण करत राहिलं, एवढाच फरक होता. तुमच्या घरी ते कोणीतरी आयतंच आहे, पुण्याला. लेकीला सांगा, घड्याळ दे, पण रोज रात्री बाबांना आकडा तू विचारायचा.

पावलांच्या भरवशाचं सांगते. घड्याळाला पाय दिसत नाहीत. आत हालचाल टिपणारं सेन्सर असतं, मनगटाला ठरावीक लयीत झोके बसले की ते पाऊल मोजतं. माझ्याकडे गांधीबागेतले एक पेशंट येतात, तेही कापडाच्या धंद्यातले. त्यांनी मला बसल्या बसल्या करून दाखवलं: ठाण हातात धरल्यासारखं करून झटक्याने उलगडायचं, पुन्हा गुंडाळायचं, पुन्हा उलगडायचं. स्क्रीनवर पावलं चढत गेली, आणि हे खुर्चीतून हललेसुद्धा नव्हते. पोळ्या लाटताना, खड्ड्यातून गाडी नेताना असंच होतं. उलट दोन्ही हातांत पिशव्या धरून किंवा हातगाडी ढकलत खरंच चाललात तर पावलं गळतात. त्यामुळे मिस्टरांच्या बाबतीत दुकानातले तास धरूच नका. चालायला निघताना घड्याळात वॉकचा मोड सुरू करायचा, परत आल्यावर बंद करायचा, आणि लेकीला तेवढाच आकडा सांगायचा. किती मिनिटं आणि किती पावलं. हात बदलून डाव्या हाताला बांधलं तर जरा फरक पडेल, पण ठाण दोन्ही हातांनीच उलगडतात.

नाडी मोजायला मागच्या बाजूला हिरवा दिवा असतो. तो प्रकाश कातडीतून आत जातो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. पट्टा सैल असला, बांगडीसारखा फिरत असला की आकडा चुकतो. मनगटाच्या हाडाच्या थोडं वर, घट्ट पण रुतणार नाही असं बांधा. नीट बांधलं तर बसल्याजागी किंवा सरळ चालताना नाडी बऱ्यापैकी बरोबर येते.

कॅलरीचा आकडा मात्र बंद करून टाका. स्टॅनफर्डमध्ये 2017 साली सात घड्याळं तपासली. नाडीत बहुतेक उत्तीर्ण झाली, कॅलरीत एकही नाही. त्यातल्या त्यात चांगल्या घड्याळाची चूकसुद्धा सरासरी 27 टक्के होती. सकाळी फिरून आलं, स्क्रीनवर तीनशे दिसले आणि त्या भरवशावर वरून तर्री घातलेली पोह्यांची प्लेट, हा हिशेब मी फार पाहिला आहे. वजनकाटा जागचा हलत नाही.

दहा हजारांच्या मागे धावू नका. हा आकडा 1965 मध्ये जपानी कंपनीने बाजारात आणलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर आला, कोणा डॉक्टरच्या तपासणीतून नाही. अमेरिकेत सरासरी 72 वर्षांच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला, 2019 चा. रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्ट कमी होतं आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. तुमचे मिस्टर त्यांच्यापेक्षा तरुण आहेत, जास्त चालू शकतील, पण सुरुवात आहे तिथून करा. पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद. जो सरासरी आकडा येईल त्यात दीड-दोन हजार घाला. तो पंधरा दिवस टिकला की पुढचा.

आणि जेवण झाल्यावर गादीवर लगेच टेकू नका म्हणावं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की मांडीचे, पोटरीचे स्नायू रक्तातली साखर तिथल्या तिथे वापरतात. काठावरच्या माणसासाठी याचा उपयोग मोठा आहे.

सेमिनरी_हिल्सचे_काका

फिजिओताईंनी छान समजावून सांगितलं, पण मी जरा वेगळं सांगतो. मी 71 वर्षांचा आहे, शुगर जुनी आहे, गोळ्यांवर काबूत आहे. आमचा सकाळचा ग्रुप आहे, जपानी गार्डनच्या बाजूने फिरतो. घड्याळ बऱ्याच जणांकडे नाही. एखादा आला नाही की सहाच्या आत त्याच्या घरी फोन जातो, काऊन आला नाही म्हणून. ते कोणतंच घड्याळ करत नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण आपलं गाव नागपूर आहे. आमच्यातल्या एकांनी नवीन घड्याळ घेतलं होतं. मे महिना होता. सकाळची फेरी झाली तरी टार्गेट पूर्ण झालं नाही म्हणून साडेआठला ते पुन्हा एकटे निघाले. रस्त्यात घेरी आली, एका पानठेलेवाल्याने सावलीत बसवलं, पाणी दिलं, घरी कळवलं. नशीब की तेवढ्यावर निभावलं. बाहेर पारा किती चढला ते पावलं मोजणाऱ्याला कळत नाही, त्याला फक्त उरलेला आकडा कळतो. उन्हाळ्यात आपल्याकडे 45 पार जातं. मार्चपासूनच पहाटे पाचला निघायचं आणि साडेसहाला घरात. टार्गेट राहिलं तर राहू द्यायचं. वैशालीताई, मिस्टरांना हे आधीच सांगून ठेवा, माणसं आकड्याच्या नादाला लागतात.

मानेवाड्याकडेही सकाळी फिरणारे असतीलच. दोन माणसं गाठून द्या त्यांना. घड्याळ नंतर घ्या.

वैशाली_मानेवाडा

सगळ्यांचे खूप आभार. फिजिओताई, तुमचं ठाणाचं वाचून मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं, तर म्हणाले बरोबर आहे, सीझनमध्ये बसल्या जागी दहा हजार होतील.

चहा विचारला. सात होतात. मला चार माहीत होते.

अजून एक विचारायचं होतं. लेकीने पाठवलेल्यांमध्ये एक घड्याळ असं आहे की ते सुई न टोचता शुगर दाखवतं म्हणतात, बीपी पण. किंमत तेवढीच. तसं असेल तर तेच घेतलेलं बरं ना? दर वेळी लॅबमध्ये जायला नको.

धरमपेठ_फिजिओ

ताई, ते अजिबात घेऊ नका. सुई न टोचता नुसत्या घड्याळाने किंवा अंगठीने शुगर मोजणारं एकही उपकरण आपण मान्य केलेलं नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मान्य करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी 2024 मध्ये दिला. दंडाला चिकटवायचं सेन्सर मिळतं ते वेगळं, त्याची बारीक तार कातडीखाली जाते. घड्याळ चुकीचा आकडा दाखवील आणि तुम्ही त्यावर निश्चिंत राहाल, नाहीतर उगाच घाबराल. जे इन्सुलिनवर आहेत त्यांचा तर जीव धोक्यात येतो. तीन महिन्यांनी एचबीएवनसी लॅबमध्येच करा, मागच्या वेळी जिथे केली तिथेच. बीपीसाठी दंडाला गुंडाळायचं डिजिटल यंत्र घरात ठेवा. स्वस्त घड्याळातल्या बीपीवर मी कोणत्याच पेशंटचा निर्णय घेत नाही.

लेकीला साधं घड्याळ घ्यायला सांगा: पावलं, वॉकचा मोड, नाडी, आणि बॅटरी आठवडाभर चालेल असं. रोज चार्ज करावं लागलं की ते चार्जरवरच राहतं. मिस्टरांना बीपीची एखादी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा, काही गोळ्यांनी नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, मग घड्याळातल्या नाडीच्या लाल-पिवळ्या पट्ट्यांकडे बघून वेग वाढवायचा नाही. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत चाल पुरे.

काकांचं पाच वाजताचं पटलं, पण मिस्टर रात्री नऊनंतर दुकानातून सुटतात, त्यांना पहाटे पाच रोज जमणार नाही. गाडी गांधीबागेत लावून इतवारीपर्यंत पायी जाता येईल का ते बघा, जाताना आणि येताना. दुपारी डबा झाल्यावर गल्लीतून एक फेरी. रविवारी काकांची वेळ. आणि सातपैकी तीन चहा बिनसाखरेचे.

वैशाली_मानेवाडा

गांधीबागेचं विचारलं. तिथे पार्किंग मिळतं म्हणाले, इतवारीत गाडी लावायची रोजचीच कटकट असते. साधं घड्याळ घ्यायचं ठरलं आहे. रोज रात्री दहाला फोन करायचं लेकीने कबूल केलं. चहाचं मात्र यांनी अजून ऐकलेलं नाही, दोन बिनसाखरेचे चालतील म्हणून राहिले. सध्या दोनवर तयार झाले आहेत, तिसऱ्याचं पुढच्या आठवड्यात बघते.