मदत हवी आहे: तांत्रिक भागीदार कुठे आणि कसा शोधू?

नमस्कार मंडळी. मी तासगावचा. घरचा बेदाण्याचा व्यापार, शिक्षण बी.कॉम., कोडिंग येत नाही. शेतकऱ्याचा माल कोल्ड स्टोरेजला पडून असतो. १५ किलोचे किती बॉक्स शिल्लक, सौद्यात (लिलावात) काय दर निघाला, पट्टीचे (विक्रीच्या हिशोबाचे) पैसे कधी, सगळं फोनाफोनीवर चालतं. त्यासाठी ॲप करायचं आहे.

नुसती कल्पना नाही. गेले आठ महिने गूगल शीट आणि व्हॉट्सॲपवर हेच काम हाताने करतोय. सौद्याच्या दिवशी रात्री अकरापर्यंत एकेकाला दर कळवत बसतो. ६२ शेतकरी महिन्याला १०० रुपये देतात, आणि मेसेजला उशीर झाला की स्वतःहून फोन करतात. माझी खरी जमेची बाजू हीच, असं मला वाटतं.

पुण्यात तिघा डेव्हलपरांना भेटलो. १० टक्के भागीदारी देतो म्हटल्यावर एक जण चहा अर्धा ठेवूनच उठला. बरोबरच होतं त्याचं. जो रात्रंदिवस खपणार, त्याला एवढ्यावर कसं परवडेल?

आता निम्मी भागीदारी द्यायची तयारी आहे. पण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने, आणि वर्षाच्या आत सोडलं तर काही नाही, ही अट रास्त आहे का? आधी दोन महिने पगारी काम करून एकमेकांचा स्वभाव बघावा का? सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांना विचारू, की अनुभवी माणूसच बरा?

जे डेव्हलपर असून दुसऱ्याच्या धंद्यात भागीदार म्हणून उतरले, त्यांनी जरूर सांगा: समोरच्यात काय पाहून हो म्हणालात?